हयातीचा दाखला कोणी कोणाला द्यायचा?

मराठीच्या सरकारी कागदांत आमच्या घरचे पुष्कळ शब्द आहेत. अर्ज, दाखला, तहसील, मंजूर, नामंजूर, हरकत, हुकूम, वारस. सगळे अरबी-फारसीतून आले आणि मराठीचे झाले. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी हे शब्द फळ्यावर लिहितो. मुलांना वाटतं, अरे, ही भाषा तर आपण घरी बोलतो. यातला एक शब्द समजावणं मात्र मला जड जातं. तो म्हणजे ‘हयात’. उर्दूत हयात म्हणजे आयुष्य, जगणं. सरकारी मराठीत हयात म्हणजे अजून मेलेला नाही असा माणूस. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा पैसा घेणाऱ्याला दरवर्षी ‘मी हयात आहे’ असा दाखला द्यावा लागतो. नाही दिला तर अनुदान थांबतं.

माझ्या खालेचा, म्हणजे मावशीचा, मुलगा या योजनेचा लाभार्थी आहे. वय ३१. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नाही, हात हवे तसे वळत नाहीत, बोलणं फक्त आईला कळतं. खालूंना जाऊन नऊ वर्षं झाली. मायलेक सोनगीरला राहतात. खाला हंगामात कापूस वेचायला, निंदणीला जाते. तेव्हा शेजारची एक मुलगी भाईजवळ बसते. त्याच्या कागदांचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं, कारण घरात मराठी फॉर्म न चुकता भरणारा मी एकटा. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. दिव्यांग माणसाकडून सरकार जे पुरावे पुन्हा पुन्हा मागतं, त्यांतले बरेचसे सरकारच्याच दप्तरात पडलेले असतात. ते सरकारने स्वतः उघडून बघावेत. आणि पैसा थांबवायचा असेल तर थांबवण्याचं कारण सरकारने सिद्ध करावं. आज सगळं उलट आहे. पैसा आपोआप थांबतो आणि तो पुन्हा सुरू करण्याचं ओझं चालता न येणाऱ्या माणसावर पडतं.

ही योजना १९८०ची, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेली. आमच्या मोहल्ल्यात हे फारसं कुणाला ठाऊक नाही. म्हातारी माणसं तिला नुसतं ‘संजय गांधी’ म्हणतात: “संजय गांधी आया क्या?” नावाप्रमाणे ती निराधारांसाठी आहे. विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण, अनाथ आणि दिव्यांग, सगळे तिच्यात येतात. २०२३मध्ये महिन्याची रक्कम हजाराची दीड हजार झाली. दिव्यांगांसाठी ती ऑक्टोबर २०२५पासून अडीच हजार आहे. ही वाढ चांगलीच आहे आणि ती आंदोलनं करून मिळवावी लागली. केंद्र सरकारचीही इंदिरा गांधी यांच्या नावाची एक दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे. ती दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी. तिच्यात केंद्राचा वाटा २०१२पासून महिना ३०० रुपये आहे. चौदा वर्षांत त्यात एक रुपयाही वाढला नाही.

पण मला आज रकमेपेक्षा अर्जाबद्दल बोलायचं आहे. दरवर्षीच्या या कागदांत नीट पाहिलं तर चारच प्रश्न असतात. तू जिवंत आहेस का? तू दिव्यांग आहेस का? तू गरीब आहेस का? आणि चौथा, जो कुठे छापलेला नाही पण सगळ्यात जास्त पाय मोडतो: तू तूच आहेस का?

पहिला प्रश्न घेऊ. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९चा आहे. मृत्यू झाला की २१ दिवसांत नोंद करायची. खेड्यात ही नोंद ग्रामपंचायतीत होते. २०२३मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३पासून जन्ममृत्यूंच्या देशपातळीवरच्या माहितीसाठ्याची तरतूद झाली. म्हणजे गावात कोण वारलं याची वही सरकारजवळ आहे आणि आता ती संगणकातही जाते. मग निराधार योजनेची यादी आणि मृत्यूंची यादी शेजारी ठेवून जे वारले त्यांची नावं कमी करणं हे कोणाचं काम? आपण मेलेल्यांची नोंद करून घेतो आणि वर जिवंतांकडून जिवंत असल्याचा कागद मागतो. ज्याची मृत्यूची नोंद नाही तो हयात, एवढं साधं गृहीतक धरायला हरकत नसावी.

यावर उत्तर मिळतं की आता सगळं मोबाइलवर झालं आहे, चेहरा दाखवला की झालं. केंद्राच्या निवृत्तीवेतनधारकांना ‘जीवन प्रमाण’ २०१४पासून आहे आणि चेहरा ओळखण्याची सोय २०२१पासून. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे, यात शंका नाही. पण अशा पडताळणीत पडदा सांगतो, मान सरळ धरा, डोळ्यांची उघडझाप करा. आमच्या भाईची मान त्याच्या मर्जीने सरळ राहत नाही. ‘आता डोळे मिटा’ म्हटलं की तो हसतो. अंगठ्याच्या यंत्रावर त्याची आखडलेली बोटं टेकत नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी अनुदान मिळतं, तेच कारण अनुदानाच्या आड येतं. हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध व्यक्ती याच कारणाने सर्वोच्च न्यायालयात गेली होती. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ओळख पटवण्याची पद्धत दिव्यांगांना वापरता येईल अशी करा, असे निर्देशही दिले. डोळ्यांची उघडझाप हाच जिवंतपणाचा एकमेव पुरावा धरू नका, हा त्यातला साधा मुद्दा. हे निर्देश गावच्या सेवा केंद्रातल्या मुलापर्यंत पोचायला हवेत. त्याच्या हातात जे ॲप दिलंय तेच तो चालवणार.

दुसरा प्रश्न, दिव्यांग आहेस का. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. १९९५च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात एकवीस झाले. २०१७च्या नियमांत स्पष्ट आहे की ज्या दिव्यांगत्वात पुढे बदल होण्याची शक्यता नाही त्याचं प्रमाणपत्र कायमचं द्यायचं. जिथे बदल होऊ शकतो तिथेच मुदत लिहायची. नियम चांगला आहे. तरी खेड्यापाड्यांत विचारा, मुदतीच्या प्रमाणपत्रांची बाडं निघतील. महाराष्ट्रात २०१२पासून संगणकावरची एक पद्धत होती. १ जून २०२१पासून देशभर प्रमाणपत्र फक्त ‘यूडीआयडी’च्या पोर्टलवरूनच द्यायचं ठरलं. १ एप्रिल २०२३पासून केंद्राच्या योजनांसाठी तो क्रमांक लागतो. एक देश, एक कार्ड ही कल्पना मला पटते. प्रत्येक राज्याचा वेगळा कागद असण्यापेक्षा हे बरं. पण पद्धत बदलली की पुन्हा रांगेत कोण उभं राहतं? पद्धत बदलणारा राहत नाही. आमच्या भाईला लहानपणी मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं, मग मुदत संपली म्हणून दुसरं, मग पद्धत बदलली म्हणून तिसरं. तिन्ही वेळा डॉक्टरांनी एकच आजार लिहिला. टक्केवारी दोन-चार आकड्यांनी मागेपुढे झाली, एवढाच फरक. जन्माच्या वेळी मेंदूला झालेली इजा सरकारी पद्धत बदलल्यामुळे भरून येत नाही.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये आजारपणाचा भत्ता घेणाऱ्यांच्या वारंवार होणाऱ्या तपासण्यांवर फार टीका झाली. शेवटी २०१७पासून ज्यांचा आजार गंभीर, आयुष्यभराचा आणि न सुधारणारा आहे त्यांना कामाच्या क्षमतेच्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या तपासणीतून वगळण्यात आलं. श्रीमंत देशालाही कळायला वेळ लागला की न बदलणारी गोष्ट परत परत तपासण्यात माणसाचाही वेळ जातो आणि सरकारचाही.

तिसरा प्रश्न गरिबीचा. निराधार योजनेची सर्वसाधारण उत्पन्न मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. २१,००० म्हणजे संपूर्ण घराला दिवसाला ५७-५८ रुपये. २०२५-२६मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस काम मिळालं तर होतात ३१,२००. म्हणजे सरकारच्या रोजगार हमीवर शंभर दिवस राबलेलं घर सरकारच्याच निराधार योजनेसाठी श्रीमंत ठरतं! दिव्यांगांची मर्यादा त्याहून बरी, पण तिचाही हिशोब करून पाहा. घरातल्या मुलीला एखाद्या दुकानात महिना पाच हजारांवर ठेवलं, तर वर्षाचे साठ हजार होतात आणि भावाचं अनुदान धोक्यात येतं. बहिणीच्या पगारामुळे भावाचं अपंगत्व कमी झालेलं नसतं. उलट ती कामाला गेल्यामुळे त्याला उचलणारे दोन हात दिवसभर घरात नसतात. अशी मर्यादा असली की घरातल्या माणसाने न कमावणंच फायद्याचं ठरतं. एवढ्या कमी मर्यादेने खरं बोलणं महाग करून ठेवलं आहे. खरा आकडा सांगितला तर आधार जातो, नाही सांगितला तर गुन्हा होतो. गरीब माणसाला या दोन्हींच्या मधे उभं करणारा नियम नीतीचा म्हणता येणार नाही.

आता चौथा प्रश्न, नावाचा. इथे मी शिक्षक म्हणून थोडं अधिकाराने बोलू शकतो. उर्दूत ‘ज’ आणि ‘झ’च्या जवळ जाणारी पाच अक्षरं आहेत: जीम, झाल, झे, झ्वाद, झोय. मराठीत येताना ती सगळी ‘ज’ नाहीतर ‘झ’ होतात, आणि कोण लिहितो यावर ठरतं की काय होणार. म्हणून एकच मुलगा शाळेत रिझवान, रेशन कार्डावर रिजवान आणि बँकेत तिसराच कुणी. ‘मोहम्मद’चे तर मी मोजलेले प्रकार असे: मोहम्मद, मोहंमद, महंमद, मोहमद, इंग्रजीत कधी पूर्ण, कधी नुसतं एम-डी. शेख आडनाव आधारवर आधी येतं, मराठी फॉर्मात आडनावाच्या रकान्यात जातं, पासबुकावर शेवटी छापलं जातं. खानदेशात भर म्हणजे एकाच घरात एका कागदावर शेख असतं आणि दुसऱ्यावर पिंजारी, मन्यार, खाटीक किंवा शाह. बायकांचं त्याहून अवघड. लग्नाआधी ‘बी’, नंतर ‘बानो’, मग नवऱ्याचं नाव, आणि नवरा गेल्यावर काही कागदांवर पुन्हा बापाचं.

माणसं वाचतात तेव्हा हा गोंधळ चालून जातो. तलाठ्याला ठाऊक असतं की ही अमक्याची बायको. संगणकाला ठाऊक नसतं. २०२५च्या सुरुवातीपासून या योजनेचे पैसे डीबीटीने, आधारला जोडलेल्या खात्यात थेट येऊ लागले. मधले हात गेले, हे उत्तमच झालं. पण त्याबरोबर नावातल्या एका मात्रेला अनुदान अडवण्याची ताकद मिळाली. मोहल्ल्यात ज्यांचे पैसे अडले त्यांचे कागद मी पाहिले, तर बहुतेकांचं कारण नावात निघालं. त्यासाठी मग प्रतिज्ञापत्र, आधार दुरुस्ती, पुन्हा बँक. चूक लिहिणाऱ्याची आणि निस्तरणारा तो ज्याला लिहिता येत नाही. याला धर्म कारण आहे असं मी म्हणणार नाही. आदिवासी पाड्यांवर, भटक्यांच्या वस्त्यांवरही हेच चालतं. जिथे आईबापांना वाचता येत नव्हतं आणि नाव दुसऱ्याने आपल्या कानाने ऐकून लिहिलं, तिथे हेच होणार.

या एका बाबतीत आपल्या हातात काही आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. मूल शाळेत घालताना जनरल रजिस्टरमध्ये जे नाव पडतं तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं आणि जन्मभर मागे लागतं. तेव्हा जन्मदाखला, आधार आणि शाळा, तिन्हीकडे मराठीत एक आणि इंग्रजीत एक, असं एकच स्पेलिंग ठरवा. ते एका कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि प्रत्येक खिडकीवर तो कागदच दाखवा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नावही येणार आहे: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आईच्या नावाला मान मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण आईचंच नाव चार कागदांवर चार तऱ्हेचं असेल तर उद्या मुलाचं काय होईल, याचा विचार आजच करायला हवा.

हे चार प्रश्न सोडवण्याचा खर्च किती येतो? खालेचा यंदाचा हिशोब माझ्या वहीत आहे. भाईला घेऊन रिक्षा ठरवून दोनदा जाणं-येणं, १,४०० रुपये. खालेच्या चार दिवसांच्या बुडालेल्या मजुऱ्या, हजार. झेरॉक्स, फोटो, दाखल्यांची फी, प्रतिज्ञापत्र मिळून पाचशे. बेरीज २,९००. अनुदान महिन्याला अडीच हजार. म्हणजे वर्षातला एक महिना तर अनुदान मिळवण्यातच गेला. खिडकीवरच्या माणसाने वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. तो अहिराणीत हळूच म्हणाला, “मावशी, सकाय येजो,” आणि खरोखर दुसऱ्या दिवशी काम करून दिलं. त्याच्यापुढे ढीग होता आणि हात दोनच. माझी तक्रार माणसाबद्दल नाही, ‘सकाय’ करायला लावणाऱ्या नियमाबद्दल आहे.

यावर एक आक्षेप नक्की येईल. खोटे दिव्यांग आहेत, मेलेल्यांच्या नावाने पैसे उचलले जातात. तपासणीच नको असं कसं चालेल? आक्षेप खरा आहे. २०२४मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला, तो सगळ्यांना आठवतो. खोट्या प्रमाणपत्राने ज्याची जागा जाते तो खरा दिव्यांगच असतो, म्हणून तपासणी हवीच. पण खोट्याने लाभ घेणाऱ्याला शिक्षा २०१६च्या कायद्याच्या कलम ९१मध्ये आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कलम वापरा. संशय असेल तिथे घरी माणूस पाठवा. आमच्या भाईच्या उंबऱ्यावर कुणी दोन मिनिटं उभं राहिलं तर त्याला पुढचा कागद मागावासा वाटणार नाही. शिवाय खोटं करणारा कागदांत पक्का असतो. त्याचे सगळे दाखले वेळेवर आणि नीटनेटके असतात. कागद वाढवले की तो अडत नाही. अडते ती खाला.

त्याच कायद्याचं कलम २४ प्रत्येक दिव्यांगाच्या घरात माहीत असायला हवं. दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी, असं त्यात आहे. कायदा लागू झाला एप्रिल २०१७मध्ये. आपल्या राज्यात दिव्यांगांची रक्कम अडीच हजार झाली ऑक्टोबर २०२५मध्ये. याच कलमात ज्यांना सतत आधार लागतो अशा दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याचा भत्ताही लिहिलेला आहे. खाला एकतीस वर्षं हे काम करते आहे. रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलते. या कामाला कुठल्याच अर्जात रकाना नाही.

आता थोडं आपल्या घरातलं. आपल्यात अजून पुष्कळांना वाटतं की हा पैसा खैरात आहे आणि तो मागायला जाणं इज्जतीला शोभत नाही. काही घरांत दिव्यांग मुलाचं प्रमाणपत्रच काढलेलं नाही, कारण काढलं तर बहिणींच्या रिश्त्यांच्या वेळी बोभाटा होईल. अशा लोकांना मी एवढंच म्हणतो की आपल्याकडे जकातीलासुद्धा देणाऱ्याचा उपकार मानत नाहीत, ती घेणाऱ्याचा हक मानतात. सूरह अबसमागची हकीकत आपण लहानपणापासून ऐकतो. कुरैशचे सरदार समोर बसलेले असताना अंध अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम आले, त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, आणि खुद्द पैगंबरांना त्याबद्दल टोकलं गेलं. पुढे हेच इब्न उम्म मक्तूम मदिनेत अजान देत आणि पैगंबर बाहेर गेले की कित्येकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्याकडे असे. आठव्या शतकाच्या सुरुवातीला उमय्या खलिफा वलीदने अंधांना वाटाड्या आणि अपंगांना सेवक नेमून दिल्याचं इतिहासकार लिहितात. उर्दूत अपंगाला ‘माजूर’ म्हणतात, म्हणजे ज्याला उज्र आहे, खरं कारण आहे. माजूर माणूस बसून, पडून, नुसत्या इशाऱ्याने नमाज अदा करू शकतो. त्यासाठी त्याला दर जुम्याला दाखला आणावा लागत नाही.

तेव्हा जमातीने एक काम अंगावर घ्यावं. जानेवारी ते मार्च, दर जुम्याला नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल मांडावं. दोन शिकलेली मुलं-मुली, एक मोबाइल, एक वही. कुणाचा हयातीचा दाखला राहिला, कुणाचं खातं आधारला जोडलेलं नाही, कुणाचं नाव चुकलंय, याची यादी करावी. बायकांसाठी एखाद्या घरी वेगळी वेळ ठेवावी. गल्लीतले सगळे धर्माचे लोक यावेत. प्रत्येक अर्जाची पोच घ्यायला शिकवावं, कारण २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड ठेवला आहे. पोच नसेल तर हा कायदा नुसता छापील राहतो. आणखी एक: सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९खाली कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. बँकेत, कचेरीत, दवाखान्यात त्याच्या वतीने सही कोण करणार, हे त्यातून ठरतं. खाला आता साठीच्या पुढे आहे. तिला पैशापेक्षा या एका गोष्टीचा घोर आहे. “मेरे बाद इसके कागज कौन फिराएगा?” असं ती म्हणते. मी आहे, असं मी सांगतो. पण मीही काही कायम राहणार नाही.

म्हणून मोहल्ल्याच्या टेबलाने सरकारचं काम संपत नाही. सरकारकडे मागणं असं. कायमच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र एकदा दिलं की पुन्हा मागू नये. मृत्यूच्या नोंदी पाहून नावं कमी करावीत, हयातीचे दाखले मागून नव्हे. ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याची पडताळणी तलाठी, ग्रामसेवक किंवा आशाताईंनी घरी येऊन करावी. उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराशी जोडावी, म्हणजे मजुरी वाढली की तीही वाढेल. नावातला काना-मात्रेचा फरक अर्जदाराला न पळवता कचेरीतच मिटवावा. आणि अनुदान थांबवण्याआधी घरी लेखी नोटीस यावी, साध्या मराठीत, कारण लिहिलेली. चुकून थांबलं तर थकलेले सगळे महिने मिळावेत.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, जुन्या मोजक्या प्रकारांनुसार. त्यांतल्या प्रत्येकामागे एखादी आई, एखादा भाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन फिरत असतो. हयात म्हणजे जगणं. त्या लोकांची हयात कागद फिरवण्यात जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.